नाव नंतर ठेव

प्रिय,

तुझा ट्रॅक मिळाला आणि सोबतचा तो लांबलचक निरोपही. एकाने त्याला फ्यूचर गराज म्हटलं, दुसऱ्याने चिलस्टेप, तिसऱ्याने हे डबस्टेपच (लंडनच्या क्लबांतलं खर्जावर उभं असलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत) नाही असं ठणकावलं आणि तू काम थांबवून बसलीस. आधी प्रकार ठरवू, मग पुढचं बांधू, असं तुझं म्हणणं. उलटं कर. नाव नंतर.

तुझ्या ट्रॅकच्या अडचणी वेगळ्याच आहेत. पहिल्या बत्तीस बारांत (बार म्हणजे चार मात्रा) स्नेअर ड्रम हाफ-स्टेपने, बारमध्ये एकदाच पडतो, पुढे टू-स्टेप, म्हणजे दोनदा, सुरू होतं आणि दोन्हीकडे रिव्हर्ब, म्हणजे आवाजामागची गुंज, तोच, तीन सेकंदांहून लांब. पॅड, ते लांब ताणलेले सूर, एफ मायनरमध्ये आहे, पण खालचा सब (सगळ्यात खोल बेस) ४५ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे एफ आणि एफ शार्पच्या बरोबर मधे. पावसाचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं टाकलंयस, त्यामुळे त्यातली रस्त्यावरची घरघर सबवर येऊन बसलीय. यातल्या एकाचंही उत्तर प्रकाराच्या लेबलात नाही.

इतिहास तुला माहीत आहे असं धरतो, फक्त क्रम पुन्हा मांडतो. दक्षिण लंडनमधलं क्रॉयडन, तिथलं बिग ॲपल रेकॉर्ड्स हे दुकान, काउंटरमागे डीजे हॅचा, दुकानात पडीक असलेली स्क्रीम आणि बेंगासारखी पोरं. गराज या तिथल्या नाचाच्या संगीतामधलं गाणं आणि चकचकाट काढून टाकत ही मंडळी खर्जाकडे सरकली. ‘फॉरवर्ड’ ही क्लबमधली रात्र २००१ मध्ये सुरू झाली. डबस्टेप हा शब्द रुळला २००२ च्या सुमारास, काही रेकॉर्ड लेबलांमुळे आणि ‘एक्सेलरेटर’ मासिकाच्या मुखपृष्ठकथेमुळे. मुखपृष्ठावर होते हॉर्सपॉवर प्रॉडक्शन्स आणि त्यांच्या रेकॉर्ड्स तोवर वाजूही लागल्या होत्या. आधी नाव ठरवून त्याबरहुकूम कुणी ट्रॅक बांधला नव्हता.

मग २००५ मध्ये ब्रिक्स्टनला डीएमझेड ही क्लबरात्र सुरू झाली. चालवणारे माला, कोकी, लोफा. त्यांच्या जाहिरातीत बेसच्या वजनावर ध्यान करायला या, असं आवाहन असायचं. शोरडिचच्या प्लास्टिक पीपलमध्ये, जिथे ‘फॉरवर्ड’ पुढे भरू लागलं, खोली जवळजवळ काळोखी आणि साउंड सिस्टीम जबरदस्त. या संगीतातली रिकामी जागा त्या खोल्यांसाठी होती. ड्रमच्या दोन ठोक्यांमध्ये काहीच नाही असं इयरफोनवर वाटतं. तिथे त्याच वेळात सब अंगावरून जात असे. वातावरण म्हणजे वरून पसरलेलं पॅड, पाऊस आणि उदास बाईचा आवाज, ही समजूत लॅपटॉपवर ऐकणाऱ्यांची आहे. किंग्स्टनमध्ये किंग टबी मिक्सिंग डेस्कवर गाणं बंद करायचा, एखादाच शब्द एकोत सोडून द्यायचा आणि उरलेल्या पोकळीत बेस आणि ड्रम. डब तिथून आलं. वातावरण काढून टाकल्याने येतं. तू गेला महिनाभर भर घालत चालली आहेस.

आता कामाचं बोलू. मिनिटाला १४० मात्रांच्या गतीला एक मात्रा ४२८.६ मिलिसेकंदांची, बार १,७१४ चा. हाफ-स्टेपमध्ये स्नेअर तिसऱ्या मात्रेवर, बारमध्ये एकदाच. म्हणजे एका स्नेअरपासून पुढच्या स्नेअरपर्यंत तुला १.७ सेकंद मोकळे मिळतात. टू-स्टेपमध्ये स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. मोकळी जागा निम्मी, ०.८६ सेकंद. तुझ्या रिव्हर्बची लांबी इथे ठरते. हाफ-स्टेपला शेपूट दीड सेकंदाच्या आसपास ठेव, म्हणजे ती पुढच्या स्नेअरच्या जरा आधी विझते आणि ते क्षणभराचं रितेपण कानाला कळतं. टू-स्टेपला ०.७ पुरे. तीन सेकंद दोन्हीकडे ठेवलेस की एक शेपूट संपायच्या आत दुसरी चढते आणि स्नेअर ठोका न राहता भिंत होतो. लेबलवाल्यांनी तुला याबद्दल काय सांगितलं? काहीच नाही. स्नेअर कुठे आहे ते आधी ठरव. नाव नंतर.

हाफ-स्टेप ऐकताना लय ठाय वाटते, सत्तरची, पण हाय-हॅट आणि घंटांसारखे बारीक आवाज दुगुनीत चालतात. ही दुहेरी लय टिकवायची तर हॅट फार नकोत. सोळाव्या भागांची अखंड रांग लावलीस की ठायपणा मरतो. बारमध्ये चार-पाच, त्यातला एखादा १०-१५ मिलिसेकंद उशिरा. बरिअलचा पहिला अल्बम २००६ चा, ‘अनट्रू’ २००७ चा, दोन्ही हायपरडब या रेकॉर्ड लेबलवर. तो साउंड फोर्ज या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये, लाटेचं चित्र पाहत ठोके ठेवायचा. ठोके मात्रेवर बसवणारी सीक्वेन्सरची जाळी नव्हतीच. ते ड्रम लटपटतात ते त्यामुळे. त्यातलं बरंच काही टू-स्टेपच्या चालीचं आहे, तरी जगाने ते डबस्टेपच्या खणात ठेवलं आणि नंतर त्याचीच नक्कल करणाऱ्यांसाठी फ्यूचर गराजचा वेगळा खण काढला. खण बदलले, ठोके जागच्या जागी आहेत. तुला त्या रस्त्याने जायचं असेल तर प्रोग्रॅममधलं स्नॅप, म्हणजे ठोका जाळीवर ओढणारी सोय, बंद कर आणि हॅट हाताने सरकव. किक आणि स्नेअर मात्र जागेवर ठेव. सगळंच हललं तर नुसतं चुकलेलं वाटतं.

सब. साधी साइन लाट, एफ सुरावर, ४३.६५ हर्ट्झ. हा सूर सोयीचा आहे: मोठ्या सिस्टीमवर नीट वाजतो, आणि दुप्पट ८७ वर येतो तो बऱ्याच बऱ्या हेडफोनांवर ऐकू येतो. डी पर्यंत, म्हणजे ३६.७ पर्यंत, उतरलीस तर अनेक क्लबांच्या स्पीकरांना ते पेलत नाही. लॅपटॉपवर सब ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नकोस. हलकं सॅच्युरेशन, म्हणजे जराशी विकृती, दे, दुसरा आणि तिसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या वरचे उपसूर) जेमतेम जाणवेल इतकंच. नोट सुरू होताना ५ ते १० मिलिसेकंदांचा अटॅक, म्हणजे चढ, ठेव, नाहीतर टक् असा आवाज येतो. १०० हर्ट्झच्या खाली सगळं मोनो, दोन्ही बाजूंना एकसारखं. विनाइल कापताना खालचा आवाज दोन बाजूंना उलट्या फेजमध्ये असला तर सुई उडते. आणि तू विनाइल काढणार नसलीस तरी पुष्कळ क्लबांत सब मोनोच वाजतो. तिथे उलट फेजचा बेस स्वतःलाच खोडून टाकतो.

किक ड्रम वाजताना कंप्रेसरने सब दाबतेस ते ठीक. पण ४३ हर्ट्झची एक लाट पुरी व्हायला २३ मिलिसेकंद लागतात. कंप्रेसरचा रिलीज, म्हणजे दाब सुटायला लागणारा वेळ, त्याहून कमी केलास की तो लाटेच्याच चढउतारामागे धावतो आणि सब खरखरतो. तुझ्या दुसऱ्या मिनिटातली खरखर तीच. तुला ती विनाइलची वाटली असेल. रिलीज ८० ते १२० ठेव. किक आखूड कर, दीडशे मिलिसेकंदांत संपव.

खोलीबद्दल. तुझी खोली दहा बाय बारा फुटांची असेल असं गृहीत धरतो, बहुतेकांची तेवढीच असते. बारा फुटांच्या दिशेत ४७ हर्ट्झला आवाज फुगतो, दहा फुटांच्या दिशेत ५६ ला. भिंतीला टेकून बसलीस तर हे सूर अवाच्या सवा मोठे, बरोबर मध्यात बसलीस तर जवळजवळ गायब. म्हणजे सब ४५ वर तुला बरा वाटला, यात तुझ्या कानांपेक्षा भिंतींचा हात असू शकतो. लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, पुढच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर, बसून बघ. आणि सबचा सूर कानाने ठरवूच नकोस. ट्यूनर लाव किंवा दोन सप्तकं वर नेऊन पॅडशी जुळव, मग खाली आण.

रिव्हर्ब प्रत्येक ट्रॅकवर वेगवेगळा लावलायस. एकच सेंड कर, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच रिव्हर्ब. प्री-डिले (गुंज सुरू होण्याआधीचा थांबा) २७ मिलिसेकंद (१४० ला हा बारचा चौसष्टावा भाग), परत येणाऱ्या गुंजीवर २५० हर्ट्झ च्या खालचं आणि ६,००० च्या वरचं कापून टाक. एको हवा असेल तर डॉटेड एट्थ (पाऊण मात्रा), ३२१ मिलिसेकंद, आणि तोही बारमधल्या एकाच आवाजावर, बाकीचे कोरडे राहू देत. सगळंच ओलं असलं की ओलं काय ते कळत नाही. पॅडला १८० च्या खाली काही नको. पावसावर ५०० ला हाय-पास लाव, म्हणजे त्याखालचं सगळं काप, आणि त्याची पातळी ड्रमच्या ३० ते ३६ डेसिबल खाली आण. बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटावं, चालू असताना लक्ष जाऊ नये. खरं तर पाऊस काढूनच टाक म्हणणार होतो. वीस वर्षांत या संगीतात पडून गेलेला पाऊस सगळ्यांना पुरून उरेल.

गायिकेचा तुकडा चार सेमीटोन खाली नेलायस ते आवडलं. फक्त वेळ न बदलता सूर उतरवणारं साधन वापरलंस, त्याने आवाज प्लास्टिकचा झालाय. नुसता वेग कमी कर, ०.७९४ पट. तुकडा सव्वापट लांबेल, मग हवा तिथे काप. श्वासही लांबतात, व्यंजनं जड होतात, आणि ती जी माणूस कोण ते न कळणारी अवस्था तुला हवी आहे, ती तिथून येते.

आता तुझ्या त्या तिसऱ्या टीकाकाराकडे वळू, कारण तुला सगळ्यात लागलं ते त्याचंच बोलणं. त्याच्या मते खरं डबस्टेप शांत, खोल, गंभीर, बाकी ब्रोस्टेप, म्हणजे नुसता आरडाओरडा. तुझं शांत असूनही त्याला ते खरं वाटलं नाही, ही गंमत वेगळी. पण त्याचा इतिहासच अर्धा आहे. डीएमझेडमधला कोकीच मधल्या पट्टीतला करकरीत, डुलणारा बेस बनवत होता. त्याच करकरीत वळणाचं कॅस्पा आणि रस्कोचं फॅब्रिकलाइव्ह मिक्स २००७ चं. ब्रोस्टेपवाल्या स्क्रिलेक्सचं पहिलं गाजलेलं काम २०१० चं, म्हणजे आरडाओरडा त्याच्या आधीपासून घरातच होता. तो पसरला कारण काही शे ते दोन-तीन हजार हर्ट्झमधला बेस फोनवरही ऐकू येतो आणि ४३ हर्ट्झचा येत नाही. मला स्वतःला तो प्रकार झेपत नाही. पण न आवडणं हा इतिहासाचा पुरावा नव्हे.

दुसऱ्या टोकाला शॅकलटन ऐक. स्कल डिस्को या रेकॉर्ड लेबलवरचं त्याचं काम हातांनी वाजवलेल्या वाद्यांसारख्या ठोक्यांनी भरलेलं, ठरावीक स्नेअर जवळजवळ नाहीच. डबस्टेपच्या व्याख्येत स्नेअरची मात्रा घालणाऱ्यांनी त्याला कुठे ठेवायचं? २०१० च्या सुमारास जेम्स ब्लेक आणि माउंट किंबी आले, तेव्हा पोस्ट-डबस्टेप हे नाव निघालं. त्या नावातून एवढंच कळतं की हे लोक कशानंतर आले. चिलस्टेप हे नाव तर ऐकणाऱ्याची मनःस्थिती सांगतं, संगीताबद्दल एक अक्षर नाही. आताशा नुसतं ‘१४०’ म्हणतात. सगळ्या नावांत मला तेच कमी खोटं वाटतं, कारण तो निदान मोजता येणारा आकडा आहे.

मला हटवादी म्हणतात, म्हणू देत. लेबल कुठे लागतं हे मलाही कळतं: दुकानाच्या फळीवर, डीजेच्या पेटीत, अपलोड करताना त्या चौकटीत काहीतरी भरावं लागतं तेव्हा. तिथे खुशाल भर. पण उमेदीची वर्षं नावांच्या भांडणात घालवणारी हुशार माणसं मी फार पाहिलीत आणि त्यांच्याबद्दल मला राग येतो, कारण त्यांचे कान चांगले होते. एखाद्याच्या रेकॉर्डमधला सब कुठल्या सुरावर आहे, हे पहिल्या बारात सांगू शकणारे लोक ते सांगायचं सोडून हे गराज की डबस्टेप यावर रात्री जागवत. तुझे कान तसेच चांगले आहेत, म्हणून तुझ्यावर चिडतोय. कानच नसते तर दोन गोड ओळी लिहून मोकळा झालो असतो.

पुढच्या वेळी कुणी प्रकार विचारला तर गती सांग, स्नेअर कुठे आहे ते सांग, सब कुठल्या सुरावर आहे ते सांग. एवढ्यावर ज्याचं भागत नाही त्याला ऐकायचं नाहीये.

या आठवड्यात नवीन आवाज एकही घालायचा नाही. आधी हाफ-स्टेप की टू-स्टेप ते ठरव. दोन्ही हवेत तर दोन वेगळे रिव्हर्ब सेंड कर आणि बदलाच्या आधीचा एक बार पूर्ण रिकामा सोड, सबसकट. मग पंधरा ट्रॅकपैकी पाच बंद कर. कुठले ते मी सांगणार नाही, पण तो दुसरा पॅड नक्की त्यात असावा. मास्टरवरचा लिमिटर, तो आवाजाची कमाल बांधणारा, काढ, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस. मला २४ बिटची वेव्ह फाइल पाठव, एमपीथ्री नको. सब वेगळ्या फाइलमध्ये, मोनो, पहिल्या बारापासून शेवटच्या बारापर्यंत सलग, म्हणजे मला तो इथे माझ्या स्पीकरवर तुझ्या ड्रमखाली लावून बघता येईल.