कबाबच्या सळईवरून खिमा निखाऱ्यात गळून पडतो. अंडं घालावं का? सळई कोणती घ्यावी?

अंडं घालू नका. या अंड्यावरून माझा वाद जुना आहे, म्हणून आधी तेच. अंड्याने खिमा आणखी ओला होतो आणि शिजण्याआधीच सळईवरून घसरतो. खिमा धरून ठेवतं ते मीठ आणि मळणं.

अर्धा किलो मटणखिमा, त्यात साधारण १०० ग्रॅम चरबी हवी. मीठ ७ ग्रॅम. कांदा किसून कपड्यात घट्ट पिळा. खिमा गळण्याचं निम्मं कारण त्या कांद्याचं पाणी असतं. डाळ्याचं पीठ दोन चमचे, त्याहून जास्त घातलंत तर कबाब भरभरीत होतो. कच्ची पपई अगदी थोडी, आणि ती लावून रात्रभर ठेवू नका, खिम्याचा लगदा होतो. आता ७-८ मिनिटं कणकेसारखं रेटून मळा. गोळा तळहाताला चिकटवून हात उलटा करा. पडला तर अजून मळायचं आहे. मग तासभर फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे चरबी घट्ट होते.

सळईचं म्हणाल तर तंदुरात सीख उभी असते, चहूबाजूंनी आच लागते, फिरवावी लागत नाही. म्हणून तिथे गोल किंवा चौकोनी गज चालतो. घरच्या शेगडीवर आच फक्त खालून, त्यामुळे सळई सारखी फिरवायची. गोल सळई फिरते आणि खिमा जागच्या जागी राहतो. इराणचा कुबीदे आणि तुर्कस्तानातला अदाना कबाब रुंद, चपट्या सळईवर लावतात तो यासाठीच. दीड-दोन सेंटिमीटर रुंदीची चपटी सळई घ्या. सळईला तेल लावू नका, कोरडी ठेवा.

८० ग्रॅमचा गोळा सळईत खोचा, ओल्या हाताने लांबवा. आत हवा राहिली की वाफ धरून कबाब फाटतो. दोन्ही टोकं चिमटून सळईला चिकटवा. जाळी नको, खिमा तिला चिकटतो. दोन विटांवर सळया आडव्या टेका, निखारे ८-१० सेंटिमीटर खाली, राख धरलेले, ज्वाळ नको. पहिलं मिनिट दर १०-१५ सेकंदांनी पालटा. वरचा थर धरला की मग सावकाश भाजा.

बांबूच्या काड्या तुकड्यांसाठी: पनीर, चिकन, भाज्या. अर्धा तास भिजवल्या तरी उघडं लाकूड जळतंच, तेव्हा काडीचा रिकामा भाग आचेबाहेर ठेवा. इंडोनेशियात साते नारळाच्या हिरांवरही लावतात, म्हणजे आपल्या खराट्याचे तेच हीर. एका काडीवर पनीर गरगर फिरतं, दोन काड्या समांतर खोचा.

सायकलच्या तारा आणि जस्ताचा मुलामा असलेली तार मात्र निखाऱ्यावर अजिबात नको. हार्डवेअरच्या दुकानात सळई मागितलीत तर बांधकामाची मिळेल. भांड्यांच्या दुकानात स्टीलची ‘कबाबची सीख’ म्हणून मागा.

वरचं प्रमाण मटणाचं आहे. चिकनखिम्यात चरबी कमी असते, त्यात दोन चमचे लोणी घाला आणि पपई पूर्ण वगळा.