रक्त येतं म्हणून ब्रश बंद

कळव्याची एक आई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. सोबत आजी. डॉक्टरांनी हिरड्या तपासून त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. घरी नेमकं काय चाललंय ते काढून घेणं, एवढंच माझं काम. बसायच्या आधीच आई म्हणाली, "मॅडम, ब्रश लावला की रक्त येतं. तीन आठवडे झाले, बंदच केलाय."

दर आठवड्याला कुणीतरी हे सांगतंच. रक्त बघून हात थांबतो, त्यात चूक काय? पण हिरडी सुजते ती कडेला साचलेल्या चिकट थरामुळे, प्लाकमुळे. ब्रश थांबला की थर वाढतो, सूजही वाढते. थर बरेच दिवस राहिला की दगडासारखा होतो, मग तो डॉक्टरांनाच काढावा लागतो.

"दुधाचेच दात, पडणार की," आजी म्हणाल्या. सगळ्यात मागे नुकती उगवलेली दाढ मात्र आयुष्यभराची होती. तिच्याभोवतीच हिरडी जास्त फुगली होती.

सिस्टरनी दातांना प्लाक दाखवणारा रंग लावला आणि मुलाच्या हाती आरसा दिला. दात बहुतेक पांढरे, पण हिरडीला टेकून सगळीकडे गडद गुलाबी रेघ. "मी तर रोज घासायचो!" तो म्हणाला. घासायचा, पण दातांच्या मधोमध.

तेवढ्यात आजींनी पिशवीतून डबी काढली. "मी म्हणत होते, बोटभर मिशरी लाव." मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. रागावले असते तर त्या परत आल्या नसत्या. मी म्हटलं, "आजी, डबी त्याच्यापासून लांब ठेवा. रात्रीचा ब्रश मात्र तुमच्याकडे." आई लोकलमधून नऊला घरी पोचते, आणि या वयात मोठ्यांचा हात लागतोच. मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धरायचा, फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी. सुरुवातीला रक्त येईल, थांबायचं नाही. नीट घासूनही दोन आठवड्यांत कमी झालं नाही, तर परत डॉक्टरांकडे. अंगावर निळे डाग, ताप किंवा नाकातून रक्त असेल तर वाटच बघायची नाही.

सतराव्या दिवशी ते आले. रक्त थांबलं होतं. पुन्हा रंग लावला तेव्हा मागच्या दाढेपाशी थोडं गुलाबी उरलं होतं. आजींनीच बोट ठेवून दाखवलं.

"आणि तुमची मिशरी?" मी विचारलं.

"त्याचं बघू पुढच्या खेपेला."