एसटीला करतो तसा हात करा

लेक किंवा मुलगा इंग्लंडात, आणि तोही लंडनमध्ये नव्हे तर कुठल्यातरी आडगावात, अशी घरं आता कोरेगावपासून मिरजेपर्यंत सापडतात. तिथल्या छोट्या स्टेशनांबद्दलचे प्रश्न या अंकात घेतले आहेत. तीन पत्रं डेव्हन परगण्यातल्या एक्झेटर–बार्नस्टेपल मार्गाबद्दलच होती, म्हणून उदाहरणंही बरीचशी तिथलीच दिली आहेत.

प्रश्न : मुलगी लॅपफर्डला राहते. वेळापत्रकात त्या स्टेशनच्या वेळेशेजारी बारीक ‘एक्स’ छापलेला आहे. म्हणजे गाडी रद्द समजायची का? (कोरेगाव)

रद्द नाही. ती ‘रिक्वेस्ट स्टॉप’ची खूण आहे. चढणारं किंवा उतरणारं कुणी असेल तरच गाडी थांबते, नाहीतर सावकाश पुढे निघून जाते. लॅपफर्ड, किंग्ज निम्टन, पोर्ट्समथ आर्म्स, चॅपलटन ही सगळी याच जातीची स्टेशनं.

उतरायचं असेल तर गाडीत बसल्याबसल्या गार्डला स्टेशनचं नाव सांगून ठेवा. ‘स्टेशन आलं की उठू’ हा आपला हिशेब तिथे चालत नाही. गार्डनं चालकाला आधी कळवलेलं नसेल, तर तुम्ही दारात उभे असतानाच स्टेशन मागे पडतं. कुठल्या दारानं उतरायचं तेही तेव्हाच विचारा. काही प्लॅटफॉर्म गाडीपेक्षा आखूड असतात आणि तिथे मोजकीच दारं उघडतात.

चढायचं असेल तर शेडमधून बाहेर या आणि गाडी दिसताच एसटीला करतो तसा हात करा. सरळ, आडवा, चालकाला नीट दिसेल असा. शेडमध्ये बसून मोबाईल पाहणाऱ्यासाठी चालक गाडी थांबवेलच असं नाही. गाडी थांबली तरी दार आपोआप उघडेल म्हणून थांबू नका. दाराजवळच्या बटणाभोवतीचा दिवा लागला की ते दाबायचं.

प्रश्न : स्टेशनवर तिकीट खिडकीच नाही. मग विनातिकीट म्हणून दंड होईल का? (विटा)

खिडकी नाही, यंत्रही नाही, तर बिनधास्त चढा आणि गार्डकडून तिकीट घ्या. दर तोच पडतो, सवलतही मिळते. गोष्ट बिघडते ती यंत्र असतानाही तिकीट न घेता चढल्यावर. इंग्लंडात हा दंड 100 पौंड, शिवाय एकेरी भाडं वेगळं. 21 दिवसांच्या आत भरला तर दंड 50 पौंडांवर येतो. यंत्र बंद असेल तर त्याच्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. यंत्र फक्त कार्ड घेत असेल आणि तुमच्याकडे रोकडच असेल, तर ‘प्रॉमिस टू पे’ची चिठ्ठी मिळते का ते पाहा. ती मिळाली की गाडीत दाखवून पैसे भरता येतात.

दोघं मिळून फिरणार असाल तर ‘टू टुगेदर’ रेलकार्ड काढा. भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते, मात्र दोघांनी बरोबरच प्रवास करायचा आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत ते चालत नाही. साठी ओलांडलेल्यांसाठी वेगळं कार्ड आहे, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट पुरतो. त्याच दिवशी परत यायचं असेल तर जाऊन-येऊन तिकिटाचा दर आधी विचारा. कधीकधी ते एकेरी तिकिटापेक्षा काही पेन्सनीच महाग असतं.

प्रश्न : एक्झेटर–बार्नस्टेपल मार्गावर ‘मोर्चर्ड रोड’ नावाचं स्टेशन आहे. रस्त्याच्या नावाचं स्टेशन कसं? (किर्लोस्करवाडी)

हे किर्लोस्करवाडीहून विचारावं याची गंमत वाटली. तुमचं स्टेशनही आधी ‘कुंडल रोड’च होतं. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्याच्याजवळच्या माळावर कारखाना काढला आणि पुढे स्टेशनानं वाडीचं नाव घेतलं. कूपर कारखान्याच्या सातारारोडनं मात्र आपलं ‘रोड’ टिकवलं.

‘रोड’चा अर्थ तिकडेही तोच : गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथून आहे. मोर्चर्ड बिशप गाव स्टेशनपासून दोन मैलांहून लांब. किंग्ज निम्टनचं जुनं नाव ‘साउथ मोल्टन रोड’, आणि ते साउथ मोल्टन तर आणखी कितीतरी लांब. कारण चढाचं आहे. शंभर मीटरला एक मीटर चढ हा रस्त्यावरच्या माणसाला जाणवतही नाही, पण इंजिनाला चांगलाच जाणवतो. म्हणून रूळ यो आणि टॉ या नद्यांच्या काठाकाठानं गेले आणि गावं टेकडीवरच राहिली. तेव्हा स्टेशनवर उतरल्यावर पुढे कसं जायचं हे आधी ठरवा. बाहेर रिक्षा उभी असेल या भरवशावर राहू नका.

प्रश्न : एगसफर्डला गाडीचा माणूस उतरून प्लॅटफॉर्मवरच्या पेटीशी जातो आणि मग गाडी सुटते. हा काय प्रकार? (कराड)

टोकनचा. हाही एक्झेटर–बार्नस्टेपल मार्गच, आणि तो एकेरी आहे. एगसफर्डला समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडतात, त्यानंतर थेट बार्नस्टेपलपर्यंत ओलांडायला जागा नाही. पुढच्या टप्प्याची परवानगी, म्हणजेच टोकन, ज्याच्या हातात, त्यानंच पुढे जायचं. वेताच्या कडीला लावलेली टोकनची पिशवी धावत्या इंजिनात झेलताना ज्यांनी आपल्याकडे पाहिलं आहे, त्यांना अधिक सांगायला नको. फरक एवढाच, की एगसफर्डला टोकन देणारं पेटीतलं यंत्र चालवायला स्टेशनमास्तर नाही, गाडीवरचीच माणसं ते चालवतात.

या यंत्रामागे एक अपघात आहे. 10 सप्टेंबर 1874 ला नॉरिचजवळ थॉर्पला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एकेरी मार्गावर गाडी सोडण्याचा संदेश अधिकाऱ्याची सही होण्याआधीच तारेनं गेला होता. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी 1878 मध्ये टॅबलेट यंत्राचं पेटंट घेतलं. टप्प्याच्या दोन्ही टोकांना एकेक यंत्र, दोन्ही विजेनं जोडलेली. एका यंत्रातून एक गोल चकती, म्हणजे टॅबलेट, काढली की दोन्ही यंत्रांना कुलूप. ती चकती दोहोंपैकी एकात परत जाईपर्यंत दुसरी निघतच नाही.

यंत्र चोख, पण चकतीवरची अक्षरं माणसानंच वाचायची असतात. 26 जानेवारी 1921 ला वेल्समधल्या अ‍ॅबरम्यूल या खेड्यातल्या स्टेशनवर पॅसेंजर आली, ती माँटगमरी–अ‍ॅबरम्यूल टप्प्याची चकती घेऊन. पोऱ्यानं ती चालकाकडून घेतली आणि बदली स्टेशनमास्तरच्या हातात दिली. त्याला वाटलं ही पुढच्या टप्प्याचीच, म्हणून त्यानं ती चालकाला परत केली. चकती पिशवीत होती, चालकानंही उघडून पाहिली नाही आणि गाडी सुटली. समोरून एक्सप्रेस येत होती. 17 माणसं गेली.

प्रश्न : आपल्याकडे रूळ रुंद झाले, इंग्लंडात अरुंद केले, हे खरं का? (मिरज)

खरं आहे. तिन्ही गेज एका जंक्शनात पाहिलेल्या मिरजकरांना हे पटायला वेळ लागू नये. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे मूळ रूळ 2140 मिलिमीटरचे होते, म्हणजे आपल्या 1676 च्या ब्रॉडगेजहूनही रुंद. बाकी देशात 1435 होतं, त्यामुळे जिथे दोन गेज भेटत तिथे सगळा माल उतरवून पुन्हा भरावा लागे. शेवटचा टप्पा 21 आणि 22 मे 1892 या दोन दिवसांत बदलला, चार हजारांहून जास्त कामगार लावून. एवढ्या लवकर जमलं, कारण त्यांचे रूळ त्यांच्याच दिशेनं घातलेल्या लांबच लांब ओंडक्यांवर बसवलेले होते आणि दोन ओंडक्यांमध्ये अधूनमधून आडवे दांडे होते. दांडे कापायचे आणि एक रूळ ओंडक्यासकट 705 मिलिमीटर आत सरकवायचा. आपल्याकडे मात्र मीटरगेजच्या रुळांखालचा आडवा, आखूड स्लीपर ओढून लांब करता येत नाही, तो काढून नवाच टाकावा लागतो.

प्रश्न : रविवारी आणि नाताळात गाड्या असतात का? (तासगाव)

रविवारी कमी, आणि रुळांची कामंही बहुधा त्याच दिवशी निघतात. मग गाडीऐवजी बस येते, ती कुठे थांबते ते आधी पाहून ठेवा. 25 डिसेंबरला गाड्या नसतात, 26 ला जवळपास नसतातच.

प्रश्न : इतकी कमी माणसं चढतात, तरी ही स्टेशनं चालू कशी? (भिलवडी)

बरीच राहिली नाहीत. मार्च 1963 मध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. बीचिंग यांच्या अहवालानं 2,363 स्टेशनं बंद करायला सुचवली आणि त्यातली बहुतेक बंद झालीही. बार्नस्टेपलच्या पुढचा इल्फ्राकोम मार्ग 1970 मध्ये गेला. आता स्टेशन बंद करायचं तर कायद्यानं ठरवलेली लांबलचक प्रक्रिया पार पाडावी लागते. म्हणून काही ठिकाणी नावापुरत्या एक-दोन गाड्या ठेवून काम भागवतात. प्रत्येक स्टेशनवर वर्षाला किती माणसं चढली-उतरली याचे अंदाज दरवर्षी प्रसिद्ध होतात आणि ते मुख्यतः तिकीटविक्रीवरून काढलेले असतात. तेव्हा गार्डकडून तिकीट घेताना पुढच्या मोठ्या स्टेशनचं नाव सांगू नका, जिथून चढलात तिथलंच सांगा.