वहीतल्या फुल्या आणि अर्धवट राहिलेले वाक्य

‘पुन्हा पुन्हा तेच पाप माझ्या हातून घडते, मग माझे तारण झाले आहे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?’ ख्रिस्तावर विश्वास ठेवणारी माणसे हा प्रश्न मला वारंवार विचारतात; तारण म्हणजे देवाने पापातून केलेली सुटका. ओळख पटणार नाही अशा बेताने एका बाईंचा अनुभव येथे सांगतो.

अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करताना त्यांचा तोल जाई आणि तोंडून कठोर शब्द निघत. रोज रात्री त्या एका वहीत हिशेब मांडत: प्रार्थना झाली तर बरोबरची खूण, राग आला तर फुली. फुल्या वाढल्या की त्या प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ उपासनेत दिली जाणारी भाकर आणि द्राक्षारस, घेत नसत. असे पाच महिने गेले होते.

मी बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाचा 15 वा अध्याय उघडून त्यांना 19 वे आणि 21 वे वचन मोठ्याने वाचायला सांगितले. येशूने सांगितलेल्या या दाखल्यात बापाकडून घेतलेला वाटा परदेशी उधळून घराकडे निघालेला धाकटा मुलगा बापाला काय म्हणायचे ते मनाशी घोकतो आणि त्याचा शेवट, आपल्याला एखाद्या मोलकऱ्यासारखे ठेवावे, या विनवणीने करतो. प्रत्यक्ष भेटीत मात्र ती विनवणी त्याच्या तोंडून निघतच नाही, कारण तोवर बाप चाकरांना उत्तम झगा आणायला सांगत असतो. बाईंचे बोट 21 व्या वचनाखाली थांबले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “म्हणजे मी वहीत मजुरी मांडत होते.”

याहून नेमके मला सांगता आले नसते. बायबलमधील इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (2:8-10) येशूचा प्रेषित पौल आधी तारण कृपेने होते, कर्मांनी नव्हे, असे सांगतो आणि मगच सत्कृत्यांकडे वळतो. हा क्रम उलटला की लेकरू स्वतःला मोलकरी समजू लागते.

“मग आईवर ओरडले तरी चालेल?” त्यांनी विचारले. चालणार नाही, पण आपण घरचेच आहोत हे जाणून चूक कबूल करणे वेगळे आणि घराबाहेर काढले जाण्याच्या धास्तीने कबूल करणे वेगळे.

त्यांची झोपही जेमतेम चार तासांवर आली होती. कृपेविषयी बोलताना देहाच्या थकव्याकडे डोळेझाक करणे मला अन्यायाचे वाटते, म्हणून आठवड्यातून दोन रात्री बहिणीने आईजवळ राहावे असे ठरले.

पुढच्या भेटीत त्यांनी सांगितले की राग पुन्हा आला होता. त्याच संध्याकाळी त्यांनी आईची क्षमा मागितली आणि रविवारी प्रभुभोजन घेतले.