अलास्का क्रूझ: मे की जुलै?

पहिल्यांदाच जाताय ना, मग आधी एकच ठरवा: काय बघायचंय? महिना त्यावरून आपोआप ठरतो.

डोंगरमाथ्यावर बर्फ, कमी गर्दी आणि त्यातल्या त्यात कोरडी हवा हवी असेल तर मे. मुलांच्या सुट्ट्याही जमतात. देवमासे मनसोक्त बघायचे असतील तर जून ते ऑगस्ट. ओढ्यात सॅमन मासे पकडणारी अस्वलं हवीत? मग जुलैअखेर किंवा ऑगस्ट. सप्टेंबर स्वस्त असतो, पण पाऊस फार. पहिल्या खेपेला मी तरी सुचवणार नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- जुलै म्हणजे उन्हाळा समजून स्वेटर घरी ठेवतात. हिमनदीसमोर डेकवर वारा हाडात शिरतो. कानटोपी, हातमोजे आणि पाऊस अडवणारं जॅकेट हवंच.
- जहाज व्हँकुव्हरहून सुटत असेल तर अमेरिकेसोबत कॅनडाचाही व्हिसा लागतो, हे उशिरा कळतं.
- विमान त्याच दिवशीचं काढतात. आदल्या दिवशी पोहोचा.

जहाज ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीत शिरेल त्या दिवशी नाश्ता लवकर उरका आणि बाहेर उभे राहा. बर्फाचा निळसर कडा आधी ढासळताना दिसतो, गडगडाट मागून येतो. तो क्षण खोलीत बसून चुकवू नका.

केबिन, बाल्कनी वगैरे नंतर बोलू. आधी महिना कळवा.