आईंची कंबरदुखी, ६० सेशन आणि पोस्टातलं खातं

ताई, तुमच्या आईंचं वय ६८, कंबरदुखी आठ वर्षांची, ऑपरेशनची गरज नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. अ‍ॅक्युपंक्चरचं क्लिनिक ६० सेशनचे ६०,००० रुपये आगाऊ मागतंय, सुटं सेशन १,२०० ला. पैसे परत मिळणार नाहीत. त्यासाठी आईंचं पोस्टातलं सीनियर सिटिझन स्कीमचं ६ लाखांचं, अडीच वर्षं जुनं खातं मोडावं का, असं तुम्ही विचारलंय.

खातं मोडू नका. उपचार मात्र जरूर करून बघा.

या योजनेतून थोडे पैसे काढता येत नाहीत, सगळं खातंच बंद करावं लागतं. दोन वर्षं झाल्यावर मोडलं तर मुद्दलाचा १ टक्का कापतात, म्हणजे ६,००० रुपये. पॅकेजमधली सवलत १२,००० ची, तिच्यातली निम्मी इथेच गेली. आणि दहा वेळा जाऊन आईंनी सोडून दिलं, तर एकेक सेशन ६,००० ला पडलं!

आराम न पडल्यामुळे सोडून देण्याची शक्यता किती? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत जुनाट कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण होते. अर्ध्या अर्ध्या तासाची साधारण दहा सेशन झाली. सहा महिन्यांनी चिनी पद्धतीच्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना चांगला फरक होता, मुद्दाम भलत्या जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी २७.४ टक्क्यांना. म्हणजे आराम पडू शकतो, पण निम्म्याहून जास्त लोकांना तेवढा पडत नाही. शिवाय ‘नेमका बिंदू फक्त आम्हालाच सापडतो’ म्हणणाऱ्याला जादा दर देण्यात अर्थ नाही. घराजवळ, राज्याच्या अ‍ॅक्युपंक्चर परिषदेकडे नोंदणी असलेला, दरवेळी नवी सुई वापरणारा कोणी ८०० रुपयांत मिळाला तर खुशाल त्याच्याकडे जा.

अमेरिकेतलं मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ सेशनचे पैसे देतं, आणि फरक दिसला तरच पुढची ८. खर्चाला असा बांध तुम्हीही घाला. ८.२ टक्क्यांनी आईंच्या खात्याचं तिमाही व्याज १२,३०० रुपये येतं. त्यात दहा सुटी सेशन बसतात, मुद्दलाला हात न लावता. मेडिक्लेमवर विसंबू नका, ओपीडीतला हा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही.

क्लिनिकने सुचवलेली, घटक न छापलेली चिनी वनस्पतींची पावडर मात्र फुकट दिली तरी घेऊ नका. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत अ‍ॅरिस्टोलोकिया ही वनस्पती गेली आणि कित्येक बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. त्यापुढे कंबरदुखी परवडली.

पहिल्या सेशनआधी आईंना वहीत लिहायला सांगा: दुखणं दहापैकी किती, ओट्याशी किती मिनिटं उभं राहता येतं, रात्री किती वेळा जाग येते. दहाव्या सेशननंतर तेच पुन्हा लिहू दे. मग पुढचं त्यांनाच ठरवू द्या, पैसे त्यांचे आहेत.