ईएसएक्सआयवरून प्रॉक्समॉक्सवर: निळा पडदा, आणि उरलेल्या अकरा व्हीएम

तुम्ही लिहिलंय की बारा व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवरून प्रॉक्समॉक्सवर न्यायच्या आहेत; दोन्ही अशा व्हीएम चालवणाऱ्या प्रणाली. त्यातल्या एकीची, विंडोज सर्व्हर २०१९ ची, डिस्क क्वेमूने नव्या स्वरूपात बदलून घेतली, प्रॉक्समॉक्सला जोडली आणि सुरू होतानाच निळा पडदा आला, ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. बहुतेक डिस्कला काहीही झालेलं नाही. तुम्ही ती व्हर्टआयओ स्कझीवर (व्हीएमसाठीच्या वेगवान आभासी डिस्क कंट्रोलरवर) जोडलीत आणि त्याचा ड्रायव्हर त्या विंडोजकडे नाही, एवढंच.

व्हीएम बंद करून बूट डिस्क साटावर, म्हणजे विंडोजला आधीच ओळखीच्या कंट्रोलरवर, जोडा. आता विंडोज उठेल. मग एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर जोडा आणि व्हर्टआयओच्या आयएसओतून ड्रायव्हर टाका. ही रिकामी डिस्क लोक टाळतात आणि पुन्हा निळा पडदा बघतात. उपकरण प्रत्यक्ष दिसल्याशिवाय विंडोज तो ड्रायव्हर बूटच्या वेळी लोड करायच्या यादीत घेत नाही. रिकामी डिस्क डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसली की व्हीएम बंद करा, ती काढून टाका आणि बूट डिस्क स्कझीवर आणा. त्यानंतर पर्यायांत जाऊन बूट ऑर्डरमध्ये त्या डिस्कवर पुन्हा खूण करा. डिस्क काढून जोडली की ती खूण जाते. मी स्वतः यावर अर्धा तास घालवलाय.

उरलेल्या अकरांसाठी मात्र हा क्रम उलटा करा. खरं काम व्हीएम जुन्या जागी चालू असतानाच होतं. व्हीएमवेअर टूल्स (व्हीएममध्ये टाकलेलं व्हीएमवेअरचं मदतनीस सॉफ्टवेअर) तिथेच काढा, कारण इकडे आल्यावर ते काढायला गेलं की बऱ्याचदा अडून बसतं. व्हर्टआयओचे ड्रायव्हर आधीच टाकून ठेवा (रिकाम्या डिस्कची पायरी तरीही करायचीच). आयपी, गेटवे, डीएनएस लिहून घ्या. नवं नेटवर्क कार्ड आलं की जुनं लपून राहतं आणि तोच आयपी द्यायला गेलात तर विंडोज कुरकुरतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून ते उडवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर बंद करा आणि रिकव्हरी की बाहेर ठेवा, कारण व्हर्च्युअल टीपीएममधला (किल्ल्या जपणाऱ्या आभासी चिपमधला) मजकूर सोबत येत नाही. स्नॅपशॉट (व्हीएमच्या जुन्या स्थितीच्या जपलेल्या नोंदी) सगळे मिटवा.

डिस्क हातानं बदलत बसू नका. २०२४ पासून प्रॉक्समॉक्समध्येच ईएसएक्सआय स्टोरेज म्हणून जोडून थेट आयात करता येतं. जोडताना होस्टचा, म्हणजे प्रत्यक्ष ईएसएक्सआय सर्व्हरचा, पत्ता द्या, व्हीसेंटरचा (अनेक होस्ट सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) नको. तिथून फार हळू चालतं. व्हीसॅनवरच्या (अनेक होस्टच्या डिस्क एकत्र करून बनवलेल्या साठ्यावरच्या) डिस्क येत नाहीत, त्या आधी साध्या डेटास्टोअरवर हलवा. ‘लाइव्ह इंपोर्ट’चा (आयात चालू असतानाच नवी व्हीएम सुरू करायचा) पर्याय मोहात पाडतो, पण आयात मध्येच तुटली तर तोवर नव्या व्हीएमवर लिहिलेला डेटा गेला. डेटाबेससाठी तर मुळीच नको.

त्याच डेटाबेसबद्दल तुम्ही किती वेळ बंद ठेवावा लागेल विचारलंय. एक गिगाबिटच्या जाळ्यावर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे एक टीबीला साधारण अडीच तास. तेवढी सुट्टी मिळत नसेल तर नवी व्हीएम उभारून डेटाबेसचंच रेप्लिकेशन (चालू असतानाच दुसरीकडे प्रत बनत राहणं) लावा. डोमेन कंट्रोलरही (विंडोज नेटवर्कमधली खाती आणि लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) मी हलवत नाही. नवा उभा करतो, जुना रीतसर उतरवतो.

लिनक्सचं सोपं आहे. नेटवर्क इंटरफेसचं नाव बहुधा ईएनएस१९२ चं ईएनएस१८ होतं, ते कॉन्फिगमध्ये बदला. रेड हॅटच्या घराण्यातली मशीन रूट डिस्क सापडत नाही म्हणून अडली, तर रेस्क्यू कर्नलनं उठवून ड्रॅकट या साधनानं इनिटरॅमएफएस (सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर असलेली बूट फाइल) पुन्हा बनवा. यूईएफआयवाल्यांना (जुन्या बायोसऐवजी नव्या पद्धतीनं बूट होणाऱ्या व्हीएमना) ओव्हीएमएफ हे फर्मवेअर आणि बूटच्या सेटिंग ठेवणारी ईएफआय डिस्क द्यायची.

जुन्या व्हीएम लगेच पुसू नका, पण त्यांचं नेटवर्क कार्ड तोडा आणि ऑटोस्टार्ट काढा. एकदा मी हे विसरलो. रात्री वीज गेली, आली, जुना होस्ट उठला आणि त्यानं त्याच आयपीची जुनी व्हीएमही उठवली. सकाळपर्यंत निम्म्या नोंदी इकडे, निम्म्या तिकडे. त्या हातानं जुळवायला मला दोन दिवस लागले. जुनी डिस्क मी आता नव्या जागेचा बॅकअप एकदा रिस्टोअर करून पाहिल्यावरच पुसतो.